जुन्या मोटारी आणि नवीं गिऱ्हाइकें



वस्तु वापरली कीं तिची किंमत उतरते, हा संसारांतला रोजचा अनुभव आहे. भांडें चेपलें कीं मोडींत जातें, लुगडें विटलें कीं बोहारणीच्या पाटींत पडतें, आणि कारखान्यांतून निघालेली कोरी करकरीत मोटार दाराशीं येऊन उभी राहते न राहते तोंच तिचा भाव खालीं येऊं लागतो. परंतु ह्या नियमालाहि एक विलक्षण अपवाद आहे. ता. ५ मे २०२२ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं, मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या संग्रहालयांत, १९५५ सालीं बांधलेली एक मोटार लिलावानें विकली गेली. तिला १३ कोटी ५० लक्ष युरो आले. म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीनें हजार कोटी रुपयांहून अधिक! त्या जातीच्या अवघ्या दोनच मोटारी कंपनीनें बांधिल्या होत्या, आणि त्यांच्या रचनाकारावरून त्यांना उलेनहाउट हें नांव पडलें. आलेली रक्कम कंपनीनें विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांच्या निधीकडे वळविली, ही त्या विक्रींतील मला विशेष आवडलेली गोष्ट.

पण आज आपणांस असल्या किंमतीचें नवल सांगत बसावें, असा माझा हेतु नाहीं. नवलाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून मिळतातच. मला विचार करावयाचा आहे तो निराळा. जुन्या मोटारीचें मोल ठरतें तरी कशावर? ज्या मोटारीसाठीं बाप जीव टाकीत होता, तिच्याकडे मुलगा ढुंकूनहि पाहत नाहीं, असें कां होतें? आणि मुलगा ज्या मोटारीसाठीं खिसा रिकामा करतो, तिच्यांत काय पाहण्यासारखें आहे, हें बापाला कां उमगत नाहीं? हा प्रश्न केवळ युरोप-अमेरिकेंतील धनिकांचा आहे, असें समजूं नये. ज्या घरांत आजोबांची फियाट ताडपत्रीखालीं उभी आहे, त्या घराचाहि तो आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करून घेऊं. इंग्लंडांत १९३४ सालीं व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब नांवाची संस्था निघाली. तिनें पहिल्या महायुद्धानंतरच्या, परंतु १९३० अखेरपर्यंतच्या मोटारींना ‘व्हिंटेज’ हें नांव दिलें. त्याहून प्राचीन अशा, म्हणजे १९०५ पूर्वीच्या मोटारींची एक फेरी दरवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत लंडनहून ब्रायटनला जाते. १८९६ सालीं इंग्लंडांत मोटारींची वेगमर्यादा ताशीं १४ मैलांपर्यंत वाढविण्यांत आली, त्याचें तें स्मरण होय. ‘क्लासिक’ हा शब्द मात्र बराच सैल आहे. जुन्या वाहनांच्या हौशी लोकांची ‘फिवा’ नांवाची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून चालू आहे, ती तीन अटी सांगते. वाहनाचें वय निदान ३० वर्षें असावें, त्याचें मूळ स्वरूप जपलेलें असावें, आणि रोजच्या येण्याजाण्यासाठीं त्याचा वापर नसावा. व्याख्या कोणतीहि घ्या, एक गोष्ट मात्र पक्की ध्यानांत असूं द्या. नुसत्या वयानें मोल वाढत नाहीं. तसें असतें तर सर्वांत म्हातारी मोटार सर्वांत महाग ठरली असती. आणि बाजारांत तर बहुधा उलटच दिसतें.

ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’. १९०८ पासून १९२७ पर्यंत हिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. सामान्य शेतकऱ्याला मोटार परवडते, हें जगाला प्रथम पटविलें तें हिनेंच. १९५० नंतरच्या दोनतीन दशकांत अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या हौसेचा ती कणा होती. त्या काळचे हौशी लोक म्हणजे लहानपणीं बापाच्या मांडीवर बसून ह्याच गाडींतून हिंडलेले लोक. पुढें ते लोक वृद्ध झाले आणि एकेक करून गेले. त्यांच्या मागें गाड्या राहिल्या, पण त्या गाड्या मागणारा राहिला नाहीं. आज पहिल्या प्रतीच्या संग्रहांतील युद्धपूर्व मोटारींना मान आहे. परंतु साध्या, मध्यम प्रतीच्या युद्धपूर्व गाड्यांना पूर्वीसारखें गिऱ्हाईक मिळत नाहीं.

ह्यांत केवळ आठवणींचाच प्रश्न नाहीं, विद्येचाहि आहे. मॉडेल टी चालविणें ही आज एक लुप्तप्राय कला झाली आहे. तिला पायाशीं तीन दांडे आहेत. पण ते आपल्या ओळखीचे नव्हेत. डावा दांडा पुरता दाबला कीं गाडी संथ गतीनें चालते, आणि हात-दांडा पुढें सारून तो सोडला कीं वेगाच्या गतीनें. मधला दांडा गाडी मागें घेण्याचा. उजवा ब्रेकचा. आणि पेट्रोल कमीअधिक करावयाचें तें पायानें नव्हे, तर चक्राखालच्या एका लहानशा दांडीनें, हातानें! आजचा कुशल चालक त्या गाडींत बसला आणि संवयीनें त्यानें मधला दांडा दाबला, तर ती थांबण्याऐवजीं मागेंच जाऊं पाहील. जी वस्तु वापरण्याची विद्या घरांत उरली नाहीं, तिची हौस तरी कशी उरावी? जात्याचा खुंटा कधीं हातांत न धरलेल्या सुनेला जातें अडगळ वाटतें, त्यांतलाच हा प्रकार.

तात्पर्य, ह्या बाजाराचा पहिला नियम असा दिसतो: चौदापंधराव्या वर्षीं ज्या मोटारीकडे मुलगा डोळे विस्फारून पाहत उभा राहिला, ती मोटार तो पन्नाशीला पोंचल्यावर विकत घेतो. मधल्या काळांत शिक्षण, नोकरी, लग्न, मुलांच्या फिया, घराचे हप्ते हें सर्व उरकावयाचें असतें. तें उरकून हातीं चार पैसे शिल्लक राहिले म्हणजे ती जुनी इच्छा पुन्हां डोकें वर काढते. म्हणून बाजारांतील आवड दर पंधरावीस वर्षांनीं एकेक पाऊल पुढें सरकत जाते. युद्धानंतरच्या पिढीनें मॉडेल टी मागें टाकून १९५५ ते १९५७ सालच्या शेव्हरोले आणि फोर्ड थंडरबर्ड उचलल्या; त्यांच्यावरील चकचकीत क्रोम पट्ट्या आणि मागचे माशाच्या परांसारखे पंख हेंच तिच्या बालपणींचें वैभव होतें. त्यानंतरच्या लोकांनीं १९६४ पासून १९७१ पर्यंतच्या, प्रचंड एंजिनांच्या अमेरिकन गाड्यांना डोक्यावर घेतलें. त्यांपैकीं १९७१ सालची एक उघड्या टपाची प्लिमथ ‘हेमी कुडा’ २०१४ सालीं ३५ लक्ष डॉलरांना गेली. तिच्यासारख्या त्या सालीं केवळ ११ निघाल्या होत्या, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे.

येथेंच दुसरा नियम सुरू होतो, तो दुर्मिळतेचा. फेरारी कंपनीनें १९६२ ते १९६४ ह्या काळांत ‘२५० जीटीओ’ नांवाच्या ३६ शर्यतीच्या गाड्या बांधिल्या. नवी असतांना अमेरिकेंत तिची किंमत सुमारें १८,००० डॉलर होती. २०१४ सालीं एक ३ कोटी ८१ लक्ष डॉलरांना विकली गेली, २०१८ सालीं दुसरी ४ कोटी ८४ लक्षांना, आणि २०२३ सालीं तिसरी ५ कोटी १७ लक्षांना. ह्या गाडीच्या गिऱ्हाइकाला तिची बालपणींची आठवण असण्याची जरूर नाहीं. नामांकित चित्रकाराचें चित्र घेणारा कांहीं त्या चित्रकाराला ओळखत नसतो. जी वस्तु बोटांवर मोजण्याइतकीच आहे, जिनें नामवंत शर्यती जिंकल्या आहेत, आणि जिचा मालकामागून मालक असा इतिहास लिहून ठेवलेला आहे, ती पिढ्यांच्या आवडीनिवडींच्या पलीकडे जाते. अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग ही युद्धपूर्व गाडीच. तरी १९३५ सालच्या एका ड्यूसेनबर्गला २०१८ सालीं २ कोटी २० लक्ष डॉलर आले. म्हणून ‘जुन्या मोटारींचा बाजार’ असें आपण एकवचनीं म्हणतों खरें, पण वस्तुतः ते दोन बाजार आहेत. एक शिखरावरचा, तो दुर्मिळतेवर चालतो. दुसरा डोंगरउतारावरचा, तो आठवणींवर चालतो. शिखरावरची बातमी वाचून उतारावरच्या मालाचा हिशेब करणें, ही ह्या व्यवहारांतील सर्वांत महाग पडणारी समजूत होय.

ती किती महाग पडते, हें गेल्या शतकाच्या अखेरीस पाहावयास मिळालें. १९८७ सालीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें बुगाटी ‘रोयाल’ ह्या अवघ्या सहा निघालेल्या राजेशाही गाड्यांपैकीं एकीला ५५ लक्ष पौंड आले. पुढच्याच वर्षीं, १९८८ च्या ऑगस्टमध्यें, एन्झो फेरारी निवर्तले. आपल्याकडे म्हण आहे, मेलेल्या म्हशीला मणभर दूध! धनी गेला, आतां ‘खरी’ फेरारी पुन्हां होणें नाहीं, अशी हवा उठली, आणि अगोदरच चढत असलेले भाव आकाशाला भिडले. जपानांत त्या वेळीं पैशाचा सुकाळ होता. जमिनींचे, समभागांचे आणि चित्रांचे भाव भरमसाट वाढले होते, तोच पैसा मोटारींतहि शिरला. ज्यांना एंजिनाचें झांकण कसें उघडावें हेंहि ठाऊक नव्हतें, त्यांनीं कर्ज काढून गाड्या घेतल्या. १९९० नंतर जपानांतील तो फुगा फुटला, इतर देशांतहि मंदी आली, आणि कित्येक गाड्यांचे भाव निम्म्याहून खालीं आले. गाडी तीच होती, पत्रा तोच होता, एंजिनाचा आवाजहि तोच होता. उडून गेली ती फक्त ‘आणखी कोणीतरी माझ्याहून अधिक देईल’ ही आशा. ज्यांनीं ती गाडी आवडीनें घेतली होती, त्यांच्यापाशीं निदान गाडी तरी राहिली. ज्यांनीं आशेनें घेतली, त्यांच्यापाशीं कर्ज राहिलें.

आतां आजच्या गिऱ्हाइकाकडे वळूं. ज्यांचा जन्म १९७० ते १९९० च्या दरम्यानचा, ते लोक आतां कमावते, किंबहुना चांगले सांपत्तिक स्थितीचे झाले आहेत. त्यांच्या बालपणींचीं दैवतें निराळीं. इंग्लंडांतील मॅक्लारेन कंपनीची ‘एफ-१’ ही १९९२ ते १९९८ च्या काळांतील गाडी. चालकाची बैठक मधोमध, आणि एकूण गाड्या १०६. तिच्यांतील एकीला २०२१ सालीं २ कोटी ४ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. आणि जपानी गाड्या तर पूर्वी संग्राहकांच्या पंक्तीला बसण्याच्या लायकीच्याच मानीत नसत. साधी, स्वस्त, न बिघडणारी गाडी, एवढीच त्यांची कीर्ति. आज निसानची ‘स्कायलाइन जीटी-आर’ आणि टोयोटाची ‘सुप्रा’ ह्यांसाठीं तरुण लोक हट्टानें पैसे मोजतात.

ही आवड आली कोठून? बापाच्या मांडीवरून नव्हे. १९९७ सालीं निघालेल्या ‘ग्रान टुरिस्मो’ नामक संगणकीय खेळांत जगभरच्या मुलांनीं ह्या गाड्या पडद्यावर चालविल्या. २००१ सालीं ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा बोलपट आला. त्या बोलपटांत वापरलेली नारिंगी सुप्रा २०२१ सालीं साडेपांच लक्ष डॉलरांना विकली गेली. शिवाय कायद्याचाहि ह्यांत मोठा हात आहे. अमेरिकेच्या सुरक्षाविषयक नियमांप्रमाणें तेथें विक्रीसाठीं न बनविलेली परदेशी गाडी सहजासहजीं आंत आणतां येत नाहीं. मात्र तिला २५ वर्षें पूर्ण झालीं कीं ती अट सुटते. १९८९ सालची स्कायलाइन २०१४ सालीं अमेरिकेंत जाऊं शकली. तोंपर्यंत पडद्यावर पाहून पाहून ज्यांची तहान वाढली होती, तीं सर्व गिऱ्हाइकें एकदम बाजारांत उतरलीं, आणि जपानांतील भाव चढूं लागले. एका देशाच्या कायद्यांतील एका आंकड्यानें दुसऱ्या देशांतील जुन्या गाडीचें भाग्य असें पालटतें.

वयस्क मंडळी ह्यावर हंसतात. ‘पडद्यावर चालविलेली गाडी ही काय आठवण झाली?’ असें म्हणतात. मला तें हंसणें न्यायाचें वाटत नाहीं. आमच्या पिढीनें तरी ज्या गाड्यांचीं स्वप्नें पाहिलीं, त्यांपैकीं किती गाड्यांत आपण बसलों होतों? कुणा जहागिरदाराची गाडी धुरळा उडवीत गेली, तो धुरळाच आमच्या वांट्यास आला. इच्छा नेहमीं दुरूनच उत्पन्न होते. पूर्वी ती रस्त्याच्या कडेला उभें राहून उत्पन्न होई, आतां पडद्यासमोर बसून होते, एवढाच भेद.

नव्या गिऱ्हाइकांची आणखी एक आवड विचार करण्यासारखी आहे. आजच्या नव्या गाड्या स्वतः गिअर बदलतात, स्वतः ब्रेक सांवरतात. विजेच्या गाडीला तर आवाजहि नाहीं. अशा वेळीं हातानें गिअर बदलावे लागणाऱ्या गाडीला मागणी वाढली आहे. फेरारीच्याच कांहीं नमुन्यांत हातानें गिअर बदलण्याच्या शेवटच्या शेवटच्या गाड्या आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या त्याच नमुन्याच्या गाड्या शेजारीं ठेवल्या, तर पहिलीला पुष्कळच अधिक दाम येतो. नवी असतांना जी गोष्ट मागासलेली म्हणून लोकांनीं नाकारली, तीच आज मौल्यवान झाली. यंत्रानें माणसाचें काम हिरावून घेतलें म्हणजे माणूस तेंच काम पैसे देऊन परत विकत घेतो, हा मनुष्यस्वभावाचा एक मौजेचा खेळ आहे.

तिसरा मोठा बदल झाला आहे तो सौंदर्याच्या कल्पनेंत. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेबल बीच येथें १९५० पासून मोटारींचें एक प्रदर्शन भरतें. तेथला पहिला मान म्हणजे ह्या जगांतील सर्वांत मोठा मान. कित्येक वर्षें तो मान मिळविण्याचा मार्ग एकच होता: जुनी गाडी पुरती उकलावयाची, स्क्रू न् स्क्रू नवा करावयाचा, आणि कारखान्यांतून निघतांना नव्हती इतकी तिला चमकवावयाची. २०२४ सालीं तेथें नवल घडलें. सर्वश्रेष्ठ ठरली ती १९३४ सालची बुगाटी ‘टाइप ५९’. एके काळीं ती बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड ह्यांच्याकडे होती. तिचा रंग जुना, जागोजागीं विटलेला. ती नव्यानें सजविलेली नव्हती, जपलेली होती. जपलेल्या वर्गांतील गाडीला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

ह्या पालटाची चाहूल त्यापूर्वीच लागली होती. २०१५ च्या फेब्रुवारींत पॅरिसमध्यें फ्रान्सांतील एका जुन्या संग्रहांतील ५९ गाड्यांचा लिलाव झाला. वर्षानुवर्षें त्या छपराखालीं धूळ खात पडल्या होत्या. त्यांतली एक फेरारी जुन्या मासिकांच्या ढिगाखालीं दबलेली होती. धुळीसकट ती लिलावांत मांडली गेली, आणि तिला १ कोटी ६० लक्ष युरोंहून अधिक आले. ह्याच्यामागें केवळ लहर नाहीं, विचार आहे. रंग पुन्हां देतां येतो, पण पहिला रंग पुन्हां देतां येत नाहीं. जुन्या पोथीचीं पानें पांढरीं शुभ्र करून वर नवी शाई फिरविली, तर ती पोथी राहते कोठें? शिवाय नव्या झगमगाटाखालीं काय दडलें आहे, कोणास ठाऊक! सांगाड्यावरचा क्रमांक आणि एंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशीं जुळतात कीं नाहीं, हें आज जाणतें गिऱ्हाईक प्रथम पाहतें. नाहींतर नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी गत व्हावयाची.

येथपर्यंत ऐकून एखाद्या श्रोत्याच्या मनांत येईल कीं, पेढींत पैसे ठेवण्यापेक्षां एखादी जुनी गाडीच घेऊन ठेवावी. शाळेंत व्याजाचीं उदाहरणें शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें अशा वेळीं फळा पुढें ओढला पाहिजे. समजा, दहा लक्ष रुपयांना गाडी घेतली. तेच दहा लक्ष दरसाल दर शेंकडा ७ ह्या चक्रवाढ व्याजानें ठेवले, तर दहा वर्षांत त्यांचे १९ लक्ष ६७ हजार होतात. आतां गाडीला जागा लागते, विमा लागतो, न चालवितांहि टायर कडक होतात, रबरी नळ्या फाटतात, टांकी गंजते. ह्या सर्वांस वर्षाकाठीं केवळ चाळीस हजार धरले, तरी दहा वर्षांचे चार लक्ष झाले. त्यांवरील व्याज मी सोडून देतों. म्हणजे दहा वर्षांनीं ती गाडी २३ लक्ष ६७ हजारांना विकली गेली, तर तुम्ही होतां तेथेंच आहांत! आणि गाडी मोडकी घेऊन दुरुस्त करावयाची म्हटली, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला हें ठरलेलेंच. तेव्हां ज्याला ती गाडी चालविण्यांत, पुसण्यांत, तिच्याबद्दल बोलण्यांत आनंद आहे, त्यानेंच ती घ्यावी. हौसेला मोल नाहीं म्हणतात, तें खरें. पण हौसेला व्यापार समजूं नये.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्याकडे जुन्या गाडी म्हटलें कीं संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस डोळ्यांपुढें येतात. पण आपल्या लोकांचें आयुष्य ज्या गाड्यांतून गेलें, त्या निराळ्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. बंगालमधील उत्तरपाडा येथें मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर बनणारी अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत होती. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, आणि तीहि २०१४ सालींच बंद झाली. मुंबईंत काळ्यापिवळ्या पद्मिनींनीं कित्येक पिढ्यांना बोरीबंदरावरून घरीं पोंचविलें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून नोंदणींतील शेवटची पद्मिनी टॅक्सीहि निवृत्त झाली.

सरकारनें ता. १५ जुलै २०२१ रोजीं व्हिंटेज वाहनांसाठीं स्वतंत्र नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें झालेलें आणि मूळ स्वरूप न बदललेलें वाहन त्यांत बसतें. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. आणि प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन असल्याच कारणांसाठीं रस्त्यावर आणण्याची मुभा. नियम चांगले आहेत. पण त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरणहि सुरू झालें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणी करून पांचपांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. आतां विचार करा. पंधराव्या वर्षीं गाडी जुनी ठरते, आणि पन्नासाव्या वर्षीं ती मानाची ठरते. मधल्या पस्तीस वर्षांत तिला कोणी जपावयाचें? त्या काळांत तिला बाजारांत भाव नसतो, घरांत जागा नसते, आणि सोसायटीच्या सभेंत तिच्यावरून बोलणीं खावीं लागतात. १९८३ सालची मारुतिसुद्धां २०३३ पूर्वी ह्या मानाला पात्र होत नाहीं.

श्रीमंतांच्या गाड्या टिकतील, त्यांची चिंता आपण करावयास नको. खरा धोका आहे तो सामान्य गाडीला. जी लाखांनीं होती, तिच्याबद्दल ‘पुष्कळ आहेत’ असें म्हणतां म्हणतां एक दिवस ती कोठेंच नसते. पहिल्या मारुतीचीच कथा पाहा. पहिला मालक वारल्यावर ती गाडी दिल्लींत घराबाहेर उघड्यावर गंजत पडली होती. पुढें तिची दुरुस्ती झाली आणि आज ती कंपनीच्या मुख्य कचेरींत मांडलेली आहे. देशाच्या मोटार-इतिहासांतील पहिल्या क्रमांकाच्या गाडीची जर ही दशा, तर आपल्या घरच्या गाडीची काय कथा!

म्हणून ज्यांच्या घरीं अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांना मी चार गोष्टी सुचवितों. एक, तिचे कागद जपा. नोंदणीचें पुस्तक, खरेदीची पावती, दुरुस्तीच्या पावत्या, तिच्यासमोर उभें राहून काढलेलीं छायाचित्रें हीं सर्व एका पाकिटांत ठेवा. आज त्यांना कागदाची किंमत आहे, उद्यां तींच गाडीची अर्धी किंमत ठरतील. दोन, घाईनें नवा रंग देऊं नका; गंज थांबवा, पण मूळचें जें टिकलें आहे तें घांसून टाकूं नका. तीन, ज्या मिस्त्रीला कार्ब्युरेटर कानानें लावतां येतो, तो हयात आहे तोंवर घरांतल्या कोणीतरी त्याच्याशेजारीं उभें राहून तें शिकून घ्यावें. सुटे भाग एक वेळ पुन्हां घडवितां येतील. तो कान घडवितां येणार नाहीं. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: नातवंडांना त्या गाडींतून फिरवा. चाकाजवळच्या दांडीनें गिअर कसा पडतो, तें त्यांच्या हाताला कळूं द्या. ह्या गाडींतून आजी कोठें गेली होती, घाटांत ती कोठें तापून बंद पडली होती, आणि पाणी कोणी आणून दिलें होतें, तें त्यांना सांगा.

कारण आपण पाहिलें तें असें कीं, शिखरावरच्या चार गाड्या सोडल्या तर बाकी सर्व गाड्यांचें मोल हें जिवंत माणसांच्या आठवणींत असतें. आठवणारा गेला कीं मोल जातें. जमीन, दागिने, ठेवी हीं मृत्युपत्रानें मुलांच्या नांवें करतां येतात. आठवण मात्र तशी करतां येत नाहीं. ती हयातींतच, हातानें हातांत द्यावी लागते. ज्या घरांत ती दिली जाईल, त्या घरची गाडी बाजारांत कोणत्याहि भावानें जावो किंवा न जावो, तिला मोडींत काढण्याचा निर्णय घेतांना निदान कोणाचा तरी हात अडखळेल. एवढें झालें तरी पुष्कळ झालें.